नेलपॉलिशचा ठिपका

गणपतीत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मंडळाच्या शिबिरात काकांनी रक्त दिलं आणि आठ-दहा दिवसांनी ब्लड बँकेतून फोन, जरा येऊन भेटून जा. रिपोर्ट एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे लिव्हरला धरणारा हिपॅटायटिस बीचा व्हायरस. काका बेचाळीसचे, रोज सकाळी कमाटीबागेत फेऱ्या मारणारे, कधी कावीळ झालेली कोणाला आठवत नाही.

आजीने पहिलं काम काय केलं तर काकांचा स्टीलचा पेला वेगळा काढला, बुडाला काकूच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. ताट वेगळं, सेवउसळीची वाटी वेगळी. आणि बाथरूममध्ये बाबा आणि काकांचं रेझर मात्र एकच! नेलकटर तर अख्ख्या घरात एक. अहो, हा व्हायरस उष्ट्याने नाही पसरत, तो रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, आणि बाहेर सांडलेल्या रक्तात निदान 7 दिवस टिकतो. आपल्याच गुजरातेत मोडासाला 2009 मध्ये वापरलेल्या सिरिंजा परत वापरल्याने केवढी माणसं गेली.

डॉक्टर म्हणाले, गभराशो नहीं, 6 महिन्यांनी परत बघू. तेव्हाही पॉझिटिव्ह, म्हणजे क्रॉनिक, अंगात ठाण मांडून बसलेला. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं, की मोठेपणी लागण झाली तर 100 पैकी 95 जणांचं शरीर व्हायरसला हाकलून देतं, पण तान्ह्या बाळाला झाली तर 90 च्या आसपास बाळांत तो मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो, मग कधीतरी सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होणं, नाहीतर लिव्हरचा कॅन्सर. काकांचं बहुधा जन्मापासूनचंच असावं म्हणे.

मग सगळ्यांच्या टेस्ट. बाबा निगेटिव्ह, काकू निगेटिव्ह, तिला लगेच लस, 3 डोस. चुलतभावाला जन्मल्याबरोबर 24 तासांच्या आत दिलेली होतीच. आजी काही जाईना, मला काय धाड भरलीय. शेवटी बाबा रिक्षात घालून घेऊन गेले.

आजी पॉझिटिव्ह. तिच्या लिव्हरला थोडा त्रास सुरू झालाय म्हणून रोज टेनोफोविरची एक गोळी, ती व्हायरसला दाबून ठेवते, मुळापासून काढत नाही. काकांना सध्या औषध नाही, फक्त दर 6 महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी.

रेझर आता दोन आहेत. ठिपक्याचा पेला बाकीच्यांत मिसळलाय, परवा आजीच त्यातून ताक पीत होती.