नळीच्या टोकाकडून पंपाच्या पॅनेलकडे : माझा अनुभव

सहा वर्षे मी अग्निशमन दलात नळीच्या टोकाला, म्हणजे नोझल धरून आत शिरणाऱ्या जोडीत काम केले. पाणी कोठून आणि कसे येते याचा विचार मी त्या काळात फारसा केला नव्हता. ‘पाणी सोडा’ असे ओरडायचे आणि काही क्षणांत हातातली नळी ताठ व्हायची, एवढाच माझा त्या व्यवहाराशी संबंध होता. बंब चालवून बाहेर पंपापाशी उभ्या राहणाऱ्या सहकाऱ्याचे काम आमच्यापेक्षा सोपे आहे, अशी माझी समजूत होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. चालक-पंपचालक या पदासाठी मी नाव दिले ते याच समजुतीत.

अवजड वाहनाचा परवाना माझ्याकडे आधीपासून होता, त्यामुळे प्रशिक्षणाचा चालवण्याचा भाग किरकोळ वाटत होता. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन, हे कागदावर सगळ्यांनाच ठाऊक असते. पण ते वजन टाकीत बांधून ठेवलेले नसते, ते हलते, ही गोष्ट पहिल्या वळणावर पाठीला कळली. पाण्याची उसळी मोडावी म्हणून टाकीत आडवे पत्रे बसवलेले असतात, तरीही अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अधिक त्रास देते, कारण पूर्ण भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच उरत नाही. त्यामुळे वळणात शिरण्यापूर्वीच वेग कमी करायचा, वळणाच्या मध्यावर ब्रेक दाबायचा नाही, ही सवय अंगी बाणवायला मला दोन आठवडे लागले. मागे घेताना आरशात वाट दाखवणारा माणूस दिसेनासा झाला की गाडी त्याच क्षणी थांबवायची, हा नियम मात्र पहिल्याच दिवशी पटला.

सायरन लावून चालवण्याच्या सरावात माझी खरी अडचण अधीरतेची होती. लाल दिव्याच्या चौकात गाडी पूर्ण थांबवायची, प्रत्येक बाजूच्या वाहनचालकाने आपल्याला पाहिले आहे याची खात्री करून घ्यायची आणि मगच पुढे सरकायचे, हे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा करून घेत. बंद काचांच्या गाडीत बसलेल्याला सायरन कितीसा ऐकू येतो, असे ते विचारत. एकदा त्यांनी मला हिशोबच करायला लावला. चार किलोमीटरच्या रस्त्यावर ताशी ५० ऐवजी ६० किलोमीटरचा वेग सलग टिकवता आला, तरी वाचतात ४८ सेकंद. ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने जवळजवळ दीडपट होते. हा हिशोब केल्यानंतर चौकात थांबताना माझा पाय कुरकुरेनासा झाला.

पंपाचा भाग मात्र वेगळाच निघाला, आणि माझी अडखळ झाली ती तेथेच. गाडी जागेवर लावून हँडब्रेक ओढायचा, चाकांना अडण्या लावायच्या, इंजिनाची ताकद चाकांकडून पंपाकडे वळवायची, हे सगळे हाताला लवकर बसते. त्यापुढचा दाबाचा हिशोब मात्र डोक्यात करावा लागतो. समजा नोझलला ५ बार (बार हे दाबाचे एकक) दाब हवा आहे, त्या प्रवाहाला नळीतील घर्षणात दीड बार खर्च होतो आणि नोझल १२ मीटर उंचीवर आहे. दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार धरल्यास उंचीचे १.२ बार होतात आणि पंपावर ७.७ बार ठेवावे लागतात. यात फसवी गोष्ट घर्षणाची. त्याच नळीतून दुप्पट पाणी न्यायचे ठरवले, तर घर्षणातील तोटा दुप्पट होत नाही, सुमारे चौपट होतो. म्हणजे दीडाचे सहा बार. इतकी वर्षे नळीत पाणी कमी आले की मी बाहेरच्या माणसाच्या नावाने खडे फोडत असे. त्यातले कितीतरी वेळा दोष आम्हीच जोडलेल्या लांबलचक नळीचा असावा.

शेवटची परीक्षा उघड्या तलावातून पाणी ओढण्याची होती. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात पंपातील हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हे ढकलणे सिद्धांतात सुमारे १० मीटरपर्यंत पुरते, व्यवहारात सात-साडेसात मीटरच्या पुढे भरवसा ठेवता येत नाही. माझ्या परीक्षेत पाणी तर केवळ तीन मीटर खाली होते. मी सक्शनचे, म्हणजे पाणी ओढण्याच्या नळीचे, तिन्ही तुकडे जोडले, तिच्या टोकाची जाळी पाण्यात सोडली, पंपातील हवा काढणारा प्रायमर चालू केला आणि वाट पाहत राहिलो. निर्वात दाखवणारा काटा थोडा हलला आणि तेथेच अडकला. अर्ध्या मिनिटात पाणी चढले नाही तर कोठेतरी हवा शिरत आहे असे समजून थांबायचे, हे मी वहीत लिहून घेतले होते. तरीही मी प्रायमर दाबून धरला, वर इंजिनाचा वेगही वाढवला. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, “काटा काय सांगतोय ते बघ, त्याला धमकावू नकोस.” दोन तुकड्यांच्या जोडातील रबरी वायसर निसटून पडला होता आणि जोडण्यापूर्वी मी तेथे बोट फिरवून पाहिले नव्हते. मी नापास झालो.

दुसरी संधी महिनाभराने मिळाली. मधल्या काळात रोज सकाळच्या तपासणीत प्रत्येक जोडात बोट घालून वायसर चाचपायचा, हवेच्या ब्रेकचा दाब पाहायचा, पंप कोरडाच बंद करून निर्वात टिकते का ते पाहायचे, असा क्रम मी स्वतःला लावून घेतला. परीक्षेत पाणी वीस सेकंदांत चढले. नंतर परीक्षकांनी मुद्दाम जाळी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ओढून घेतली. भोवरा तयार होऊन हवा आत जाऊ लागली, तेव्हा इंजिनाचा आवाज बदलल्यावरून ते मला आधी कळले, काट्याकडे लक्ष नंतर गेले. थ्रॉटल कमी केला, जाळी खोल सोडायला सांगितले, आणि उत्तीर्ण झालो.

चालक म्हणून माझी पहिली आग दुसऱ्या मजल्यावरील एका गोदामाची होती. माझे जुने जोडीदार आत गेले आणि मी बाहेर पॅनेलसमोर उभा राहिलो. धूर दिसत होता, आवाज ऐकू येत होते, आणि जागा सोडून तिकडे धावायचे नव्हते. या कामातील सर्वांत अवघड भाग मला तोच वाटला. टाकीत ४,५०० लिटर होते आणि नोझल मिनिटाला ४५० लिटर घेत होते, म्हणजे हायड्रंटची (आगीसाठी ठेवलेल्या जलवाहिनीच्या नळाची) जोडणी होईपर्यंत माझ्यापाशी दहा मिनिटे. टाकी अर्ध्यावर आल्याचे मी वॉकीटॉकीवर कळवले. हायड्रंटचे पाणी आले तेव्हा झडप सावकाश उघडली, कारण झटक्याने उघडली किंवा मिटली तर पाण्याचा हातोडा नळीला आणि पंपाला बसतो, आणि नळीच्या टोकाशी असलेल्या माणसाच्या हाताला तो कसा जाणवतो हे मला पुरते माहीत होते. आत त्यांना टाकीचे पाणी कधी संपले आणि हायड्रंटचे कधी सुरू झाले, हे कळलेही नाही.

बाहेर आल्यावर जोडीदाराने हेल्मेट काढले, पाणी प्यायला आणि पाण्याच्या दाबाबद्दल चकार शब्द न काढता नळ्या गुंडाळायला लागला. मी टाकी पुन्हा भरून घेतली, जाळीतील कचरा काढला आणि सक्शनचे तुकडे त्या दिवशी वापरलेच नव्हते तरी त्यांच्या जोडांतून बोट फिरवले. वायसर जागेवर होते.