थ्रॉटल सेन्सरचा दोष सापडला काट्याच्या मीटरवर

माझ्या गाडीचा त्रास असा होता: सपाट रस्त्यावर, एकाच वेगात, ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून चाललं की गाडी मधूनच झटके खायची. जोरात रेस दिली की झटके बंद. चढावर, ओव्हरटेक करताना पिकअप व्यवस्थित, आयडलिंगही स्थिर. चेक इंजिनचा दिवा लागत नव्हता आणि स्कॅनरमध्ये एकही कोड नव्हता.

गॅरेजमध्ये संशय आधी फ्युएल पंपावर गेला, मग प्लग आणि कॉइलवर. मला ते पटेना. पंप थकला किंवा फिल्टर तुंबला, तर पेट्रोल कमी पडतं ते इंजिनची मागणी वाढते तेव्हा. प्लग-कॉइलचं मिसफायरही बहुधा लोड आल्यावरच वाढतं. इथे लोड आला की दोषच गायब! म्हणजे हा दोष पायाच्या एका ठरावीक जागेशी बांधलेला होता. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, किती उघडलीय हे ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) सांगतो तो थ्रॉटल पोझिशन सेन्सर. मी तिथूनच सुरुवात करायचं ठरवलं.

माझी गाडी केबलच्या थ्रॉटलची. थ्रॉटल बॉडीतली झडप ज्या दांड्यावर फिरते, त्याच्या टोकाला हा सेन्सर बसवलेला असतो. आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर सरकणारी धातूची पाती. वायरी तीन: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ (ग्राउंडची वायर) आणि सिग्नल. झडप बंद असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४.५च्या आसपास. रोजच्या चालवण्यात झडप बहुतेक वेळ थोडीशीच उघडलेली असते, त्यामुळे पाती पट्ट्याच्या तेवढ्याच भागावर घासत राहते आणि तो भाग आधी झिजतो. तिथे संपर्क क्षणभर सुटला की सिग्नल पडतो. ईसीयूला वाटतं, पाय उचलला. तो पेट्रोल कमी करतो. लगेच सिग्नल परत आला की त्याला वाटतं, रेस दिली. तो पेट्रोल वाढवतो. झटका बसतो तो यामुळे. आणि सिग्नल इतका थोडा वेळ पडतो, की पी०१२२ किंवा पी०१२४ सारखा या सेन्सरच्या दोषाचा कोड नोंदवला जाईलच असं नाही.

सेन्सरला हात लावण्याआधी मी वायरिंग तपासलं, कारण अर्थ खराब असेल तर चांगला सेन्सरही चुकीचं बोलतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद, सेन्सरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) जोडलेलाच. वायरीचं आवरण न टोचता कपलरच्या मागून बारीक पिन सरकवली. पुरवठा ५ व्होल्टला टेकलेला होता. सेन्सरची अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला फरक अगदी नगण्य, तो ०.१ व्होल्टच्या वर असता तर मी आधी अर्थच शोधत बसलो असतो.

मग सिग्नलच्या वायरीवर डिजिटल मीटर लावून झडप हाताने सावकाश उघडली. आकडे छान चढत गेले, कुठेही खोट दिसली नाही. पण डिजिटल मीटर सेकंदाला मोजकेच आकडे दाखवतो. मधली क्षणभराची घसरण त्यातून निसटते. म्हणून जुना काट्याचा मीटर काढला. झडप अगदी हळू, केसभर केसभर फिरवली. सिग्नल १ व्होल्टच्या जरा पुढे गेला आणि काटा खाली थरथरला. मागे घेतली, पुन्हा त्याच जागी थरथर. हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून पाहिला, कपलर दाबून पाहिला. त्याने काही फरक पडला नाही. वायर तुटकी असती तर काटा हार्नेस हलवताना नाचला असता, झडपेच्या एकाच कोनावर नाही. ही जागा पाहून मला खरंच आनंद झाला, कारण आता अंदाजाने एकही भाग बदलायची गरज उरली नव्हती.

नवा सेन्सर बसवणं दोन स्क्रूंचं काम. मात्र माझ्या गाडीत स्क्रूंची भोकं लांबट आहेत, म्हणजे सेन्सर थोडा फिरवता येतो. झडप बंद ठेवून, सिग्नल मॅन्युअलमध्ये दिलेल्या व्होल्टेजवर आणून मगच स्क्रू आवळले. ही पायरी गाळली तर झडप बंद आहे हेच ईसीयूला नीट कळत नाही आणि आयडलिंग बिघडतं. पुन्हा काट्याचा मीटर लावला. काटा एका दमात वर गेला आणि तसाच खाली आला. रस्त्यावर त्याच हलक्या पायाने गाडी सरळ चालली.

तुमच्या गाडीला केबल नसून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल, तर इग्निशन ऑन असताना झडपेत बोट घालू नका. मोटर ती अचानक जोरात मिटवू शकते. तिथे सहसा एकाऐवजी दोन सिग्नल असतात आणि ईसीयू ते एकमेकांशी ताडून पाहतो. अनेक गाड्यांत हा सेन्सर सुटा मिळत नाही, पूर्ण थ्रॉटल बॉडी बदलावी लागते. म्हणून तिथे तर पुरवठा आणि अर्थ दोनदा तपासा.