उदास मनाला कामाला लावताना

मन खट्टू झाले की आपण आधी बरे वाटण्याची वाट पाहतो आणि मग उठू म्हणतो. मानसोपचारातील 'वर्तन सक्रियीकरण' ही पद्धत मात्र हा क्रम उलटा करते, म्हणजे आधी छोटीशी कृती आणि मागाहून उत्साह. पांघरुणाची घडी घालणे किंवा दहा मिनिटे उन्हात चालणे, एवढेही सुरुवातीला पुरते. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ ताळ्यावर राहते, हा लाभ वेगळाच.

विचारांचे प्रकरण अधिक चिवट असते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेल्या उपचारपद्धतीचा गाभा मला फार पटतो: मनात आलेला विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. 'माझे सगळेच बिघडते' हे वाक्य कागदावर उतरवून त्याखाली बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे लिहू लागले की तो सरसकट निष्कर्ष डळमळतो आणि उरते ती एखादी निस्तरता येण्याजोगी अडचण. ('सकारात्मक विचार करा' हा नुसता सल्ला मला तरी कधी उपयोगी पडलेला नाही.) हा हिशेब रात्री उशिरा मात्र मांडू नये; थकलेले मन कोणत्याही पुराव्याला दाद देत नाही.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक हरपली किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर अशा उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना गाठावे.