डोळ्यांची बांधणी: कॉर्निया, टॅपेटम आणि रोहूचं भिंग

या खेपेला दोनच वस्तू नीट हाताळल्या: बोकडाचा डोळा आणि रोहूचा डोळा. तपासायचं होतं ते एवढंच, की पदार्थ तोच ठेवून त्याच्या धाग्यांची किंवा थरांची नुसती मांडणी बदलली तर काय होतं.

आधी मालाबद्दल. कोल्हापुरात बोकडाच्या डोळ्यांना तोटा नाही, पण वेळ साधावी लागते. मुंडी जाळावर भाजली की कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) शिजून दुधी होतो आणि तो काही केल्या परत निवळत नाही. दुकानदाराला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: भाजायच्या आधी डोळे काढा आणि फ्रीझरमध्ये टाकू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात आणा, बर्फ डब्याच्या बाहेर ठेवा. कोवळ्या बोकडाचं भिंग फ्रीजमधून काढल्यावर मधोमध पांढरं दिसलं तर फेकू नका. थंडीने आतली प्रथिनं तात्पुरती गोळा होऊन पाण्यापासून वेगळी होतात, हाताच्या उबेला धरलं की भिंग पुन्हा साफ होतं. भाजल्यामुळे आलेला पांढरेपणा मात्र कायमचा.

कापताना कॉर्नियात पातं घालू नका. आत दाब असतो, पाणी थेट तोंडावर उडतं. चरबी आणि स्नायू कात्रीने साफ करून घ्या. कॉर्नियाच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात, 11 नंबरच्या पात्याने भोक पाडा आणि तिथून बारीक कात्रीने गोल फिरा. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

आता मुख्य प्रयोग. कॉर्निया आणि शेजारचं पांढरं श्वेतपटल, दोन्ही मुख्यतः कोलॅजन या धागेदार प्रथिनाचेच. एक काचेसारखं, दुसरं चुन्यासारखं. कॉर्नियात कोलॅजनचे धागे साधारण 30 नॅनोमीटर जाडीचे, सगळे जवळपास सारखे, आणि एकमेकांपासून सुमारे 60 नॅनोमीटरवर. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर, त्यामुळे या नेटक्या रांगांतून बाजूला विखुरणाऱ्या लहरी एकमेकींना रद्द करतात आणि प्रकाश सरळ पुढे जातो. शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिस यांनी 1957 साली हे मांडलं. श्वेतपटलात बारीक-जाड धागे कसेही विणलेले, म्हणून प्रकाश चहूकडे फुटतो.

कॉर्नियाचे 5 मिलिमीटरचे तीन तुकडे करा. एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात (लिटरला 9 ग्रॅम), एक लिक्विड पॅराफिनमध्ये (पातळ खनिज तेल). छापील कागदावर बशा ठेवल्या की फरक वाचूनच कळतो. साध्या पाण्यातला तुकडा फुगतो, गढूळ होतो आणि खालची अक्षरं हरवतात. मिठाच्या पाण्यातलाही फुगतो, याचं नवख्यांना नवल वाटतं. जिवंत डोळ्यात कॉर्नियाच्या आतल्या बाजूचा पेशींचा थर पाणी सतत बाहेर उपसत असतो. तो थर मेला की मीठ बरोबर असून उपयोग नाही. पॅराफिनमधला तुकडा मात्र साफ राहतो, कारण शोषायला पाणीच नसतं. मग फुगलेला तुकडा उचलून ग्लिसरीनमध्ये सोडा. पाणी ओढलं जातं आणि अक्षरं परत दिसू लागतात. डोळ्यांचे डॉक्टर सुजलेल्या कॉर्नियातून आत बघण्यासाठी ग्लिसरीनचे थेंब वापरतात, ते याच कारणाने. श्वेतपटलाचा पातळ काप ग्लिसरीनमध्ये ठेवला तर तोही बऱ्यापैकी पारभासी होतो. तिथे रांगा लागत नाहीत, फक्त धागे आणि त्यांच्यामधला द्रव यांच्या अपवर्तनांकातला (प्रकाश किती वाकतो हे सांगणारा आकडा) फरक घटतो.

डोळ्याच्या मागच्या अर्ध्या वाटीतलं दृष्टिपटल ओल्या टिश्यूपेपरसारखं सुटून येतं, फक्त चेतातंतूपाशी चिकटलेलं राहतं. त्याखाली वरच्या अर्ध्या भागात निळा-हिरवा चमकणारा पट्टा म्हणजे टॅपेटम. रंगद्रव्य शोधू नका, इथेही कोलॅजनच, फक्त अंतर वेगळं. रेनडिअरमध्ये हाच थर उन्हाळ्यात सोनेरी आणि हिवाळ्यात निळा असतो, कारण डोळ्यातला दाब वाढून धागे जवळ येतात. आपल्या नमुन्यावर काच दाबून हा बदल अजून खात्रीने दाखवता आलेला नाही. बोट थरथरलं तरी प्रकाशाचा कोन बदलतो आणि रंग हलल्यासारखा वाटतो. क्लॅम्प लावल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

रोहूचं भिंग ही या वेळची खरी मेजवानी. पाण्यात कॉर्नियाला जवळजवळ किंमत उरत नाही, कारण दोन्हीकडे पाणीच. सगळं वाकवायचं काम भिंगावर पडतं, म्हणून ते पुरतं गोल. मासा ते चपटं-फुगीर करत नाही, अख्खं भिंग पुढे-मागे सरकवतो. त्याची नाभीय लांबी (केंद्रापासून किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर) त्रिज्येच्या सुमारे अडीच पट असते. 6 मिलिमीटर व्यासाचं भिंग असेल तर केंद्रापासून साधारण साडेसात मिलिमीटर. साध्या काचेची गोटी पाण्यात त्रिज्येच्या चौपट अंतरावर प्रकाश आणते. भिंगाच्या गाभ्याचा अपवर्तनांकसुद्धा साधारण 1.52, म्हणजे काचेएवढाच. मग जोर कुठून आला? बाहेरच्या थरात तो 1.38 च्या आसपास असतो आणि आत जाताना हळूहळू चढतो, त्यामुळे किरण पृष्ठभागावरच नव्हे, तर वाटभर वाकत जातो.

हे डोळ्यांनी बघायला सपाट काचेची छोटी टाकी, मिठाचं पाणी, दुधाचा एखाद-दुसरा थेंब आणि लेसर पॉइंटर पुरतो. भिंग वॉशरवर बसवा. किरण मधून, मग कडेकडेने सोडा. गोटीत कडेचे किरण आधीच एकत्र येतात, रोहूच्या भिंगात सगळे एका ठिकाणी. बिघडतं ते बहुधा भिंगाचं पातळ आवरण चिमट्याने फाटल्यामुळे. बाहेरचा मऊ थर पाण्यात सुटतो आणि बिंदू पसरट होतो. भिंग चिमट्यात न धरता चमच्याने उचला. बर्फातला मासा चालतो, गोठवलेला नको. दूध जास्त झालं तर टाकीभर धुकं, पाणी बदलून पुन्हा सुरू करा.

उरलेलं भिंग उकळून थर सोलले. गाभा मण्यासारखा कडक निघतो. न उकळलेल्याचा सुकवलेला पापुद्रा लांबच्या बल्बसमोर धरला तर रंगीत पट्टे दिसतात, कारण तंतू समान अंतरावर आहेत. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1830 च्या दशकात कॉड माशाच्या भिंगातले तंतू कडेला दातेरी असून एकमेकांत अडकलेले असतात हे दाखवलं होतं. रोहूचे दाते सूक्ष्मदर्शकाच्या 40 च्या ऑब्जेक्टिव्हखाली दिसतात, पण खालून प्रकाश सोडणाऱ्या कंडेन्सरचा पडदा बराच आवळावा लागतो.

मध्येच गळालेलं मोरपीस बघून घेतलं. वरून प्रकाश टाकला तर निळं-हिरवं, खालून टाकला तर तपकिरी. मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या कांड्यांमधलं अंतर निळ्यात सुमारे 140 आणि हिरव्यात 150 नॅनोमीटर. दहा नॅनोमीटरचा खेळ आहे सगळा.

पुढच्या नोंदीत क्लॅम्पखालचं टॅपेटम आणि पंचगंगेच्या शिंपल्यातला मोतीथर घेऊ. शिंपल्याला व्हिनेगर लावायच्या आधी वरचा तपकिरी पापुद्रा खरवडून काढा, नाहीतर आम्ल आत पोचायलाच वेळ लागतो.