तुम्ही विचारलंत म्हणून: शालिवाहन खरंच होऊन गेला का?

दर पाडव्याला हा प्रश्न येतोच. गुढी उभारून होते, कडुनिंबाची चटणी तोंड वाकडं करून गिळून होते आणि मग भाचेमंडळींपैकी कोणीतरी विचारतं, काका तुम्ही त्या लेण्यांबिण्यांत फिरता ना, मग सांगा, शालिवाहन राजा खरंच होता की नुसतीच गोष्ट? आजवर मी "अर्धा होता" म्हणून श्रीखंडाकडे वळायचो. यंदा तिघांनी विचारलं आणि त्यातल्या एका ताईंनी तर "अर्धा म्हणजे कुठला अर्धा?" असं धरूनच ठेवलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. नाशकात राहतो, पांडवलेणी घरापासून जवळ आहेत आणि ब्राह्मी अक्षरं थोडीफार लागतात, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेला मुलगा, बाप नागराज शेष, पोरगा खेळायला मातीचे हत्ती घोडे शिपाई करायचा, उज्जैनचा विक्रमादित्य चाल करून आला तेव्हा ते सगळं सैन्य जिवंत झालं, याने त्याला हरवलं आणि आपला शक सुरू केला. मातीचे घोडे मी बाजूला ठेवतो, कारण चमत्कार चिकटले म्हणून माणूस खोटा असं होत नाही, नाहीतर आपले निम्मे संत बाद करावे लागतील. मला खटकतो तो साधा हिशोब. विक्रम संवत इसवी सनापूर्वी ५७ चा आणि शालिवाहन शक इसवी सन ७८ चा, मध्ये १३५ वर्षं. दोघांनी आपापली कालगणना स्वतः सुरू केली असं धरलं तर लढाईच्या दिवशी विक्रमादित्य दीडशेच्या घरात असणार!

आता दुसरी बाजू. ज्या नावापासून शालिवाहन हे नाव आलं, ते सातवाहन घराणं होतं यात शंका घ्यायला जागाच नाही. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातली गुहा ट्रेकवाल्यांनी पाहिली असेल, जेवायला सावली म्हणून बसतात तीच. तिथे भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, आता पुतळे गेलेत पण वरची नावं राहिलीत, सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सिरि सातकनि वगैरे. पुराणांतल्या यादीत हा पहिला राजा कुठे शिशुक, कुठे सिंधुक, कुठे शिप्रक असा येतो आणि घराण्याला सातवाहन न म्हणता आंध्र म्हटलंय. पोथी उतरवता उतरवता नाव घसरत गेलं असणार. पण पोथी वेगळी आणि घाटातला दगड वेगळा, दोघांनी एकमेकांना बघितलेलं नाही, तरी नाव जुळतं, याला माझ्या लेखी फार वजन आहे.

या घराण्यातला गाजलेला राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. पांडवलेण्यांतल्या ३ नंबरच्या लेण्यात त्याची मोठी प्रशस्ती आहे, शक, यवन, पल्हव या बाहेरून आलेल्या लोकांचा नाश करणारा (इथे शक म्हणजे लोक, कालगणना नव्हे), ज्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्याले, आणि असं बरंच काही. लोक हेच वाचून भारावतात. मी मात्र इथे जरा हात आखडता घेतो, कारण हा लेख राजा गेल्यानंतर, त्याचा मुलगा पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी, राजाच्या आईने कोरून घेतलाय. गौतमी बलश्री. त्यात मुलगा आईची सेवा करणारा होता हेही आवर्जून घातलंय. आता आईने मुलाबद्दल लिहिलेलं, तुम्हीच सांगा किती टक्के धरायचं ते.

पण त्याच लेण्यात खुद्द त्याच्या कारकिर्दीतले आणखी दोन लेख आहेत, तिकडे कोणी बघत नाही कारण ते कंटाळवाणे आहेत. मला विचाराल तर राजा होता याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच. पहिला त्याच्या १८व्या वर्षीचा. लढाईच्या छावणीतून इथल्या गोवर्धनच्या अमात्याला हुकूम सोडलाय की पश्चिम काखडी गावातलं, आधी उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन म्हणजे जमिनीचं जुनं माप) शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आहे, सरकारी माणसांनी त्यात पाय ठेवायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. हा उषवदात म्हणजे शत्रूचा, शकांचा क्षत्रप (सुभेदार-राजा) नहपान याचा जावई. म्हणजे मालक बदलला की पहिल्यांदा काय होतं, तर सातबारा बदलतो! आणि पुढची गंमत सहा वर्षांनी, २४व्या वर्षी. राजा आणि राजमातेच्या नावाने दुसरा हुकूम निघालाय की ते गाव काही वसलेलं नाही, शेत कसलं जात नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या मालकीच्या जमिनीतलं शंभर निवर्तनांचं शेत द्यावं. भिक्षू बिचारे सहा वर्षं पडीक जमीन घेऊन बसले असतील. दोनशेचं शंभर झालं ते झालंच. आता राजाचं गुणगान खोटं रचायला कारण असतं, पण न झालेल्या राजाचा न पिकणाऱ्या शेताबद्दलचा दुरुस्तीचा कागद कोण आणि कशाला खोटा कोरणार?

त्यावर नाण्यांची साक्ष. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला एक घबाड सापडलं, चांदीची तेरा हजारांवर नाणी, सगळी मुळात नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने परत आपला ठसा मारलेला, काहींवर तर खालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. म्हणजे आईने म्हटलेलं, निदान या नहपानाच्या क्षहरात घराण्यापुरतं, खरं निघालं. शिवाय शक क्षत्रप रुद्रदामन गुजरातेत जुनागढला लिहून गेलाय की मी दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं पण जवळचं नातं म्हणून संपवलं नाही. हा बहुधा पुढच्या पिढीतला सातकर्णी. फुशारकी आहेच, पण शत्रूच्या फुशारकीतसुद्धा समोरच्या घराण्याची नोंद होते.

मग हाच गौतमीपुत्र शालिवाहन का नाही? शकांना हरवलं, शक सुरू केला, झालं! मीपण बरीच वर्षं असंच सांगत फिरायचो, शाळेच्या ट्रिपा आल्या की पोरांनापण ठोकून द्यायचो. पण वरचे आकडे परत बघा. गौतमीपुत्राचे लेख त्याच्या १८व्या, २४व्या वर्षाचे, आणि पुळुमावीने परत एकपासून मोजायला सुरुवात केली. बापाने नवी कालगणना सुरू केली असती तर मुलाने ती पुढे चालवली नसती का? शिवाजी महाराजांनी १६७४ ला राज्याभिषेक शक सुरू केला तो पेशवाईतल्या कागदांवरही दिसतो, कालगणना सुरू करणं म्हणजे हे. याउलट ज्यांना हरवलं म्हणतो त्या शकांकडे बघा, रुद्रदामनच्या लेखात ७२वं वर्ष आहे, त्यात ७८ मिळवा, इसवी सन १५० येतं आणि ते बरोबर बसतं. त्याचे वंशज पुढे नाण्यांवर तीच मोजणी चालवत राहिले. बदामीच्या लेण्यात चालुक्यांचा लेख आहे, त्यात तर सरळ म्हटलंय की शक राजाच्या राज्याभिषेकाला पाचशे वर्षं उलटल्यावर. तिथे शालिवाहनाचं नाव नाही. ते नाव या कालगणनेला चिकटलेलं दिसतं ते यादवकाळाच्या सुमारास, म्हणजे हजारेक वर्षांनी.

तर ताई, अर्धा म्हणजे हा अर्धा. नाव खरं, पण ते एका माणसाचं नाही, घराण्याचं आहे, सातवाहनाचं प्राकृतात सालवाहन, सालाहण होत होत शालिवाहन झालं आणि त्या एका नावात तीस-एक राजे कोंबले गेले. पराक्रम खरा, तो गौतमीपुत्राचा. पैठण खरं, ग्रीक भूगोलकार टॉलेमीसुद्धा पुळुमावीची राजधानी म्हणून त्याचं नाव घेतो. कालगणना मात्र शकांची. कुंभाराचं घर आणि मातीचे शिपाई यांच्यासाठी माझ्याकडे एकही दगड नाही.

हे सगळं ऐकून आमच्या गुरुजींनी यंदा संकल्प सांगताना मध्येच थांबून विचारलं, "मग शालिवाहन शके म्हणू का नको?" म्हटलं म्हणा की, दोन्ही पार्ट्यांची नावं आलीत त्यात, हरवणाऱ्याचं पुढे आणि हरलेल्याचं मागे. गुरुजी म्हणाले बरं, पाणी सोडा.