कुत्र्याचे केस भादरू नयेत, विंचरावेत

मार्च लागला आणि यवतेश्वरच्या बाजूने येणारा वाराही दुपारी तापू लागला, की साताऱ्यातल्या अनेक घरांत एकच काळजी बोलून दाखवली जाते : एवढे केस अंगावर घेऊन हे मुके जनावर उन्हाळा कसा काढणार? मग कुत्र्याला यंत्र लावून त्याचे केस अगदी कातडीपर्यंत उतरवले जातात. केसगळतीही नेमकी याच दिवसांत वाढलेली असल्यामुळे एका कामात दोन्ही प्रश्न सुटले, असे वाटते. प्रत्यक्षात त्यांपैकी एकही सुटत नाही आणि कुत्र्याचे नुकसान मात्र होते. आमच्या घरी चिमी नावाची इंडियन स्पिट्झ जातीची कुत्री आहे, जिला येणारे-जाणारे पॉमेरेनियनच म्हणतात. तिचे पांढरे केस आमच्या काळ्या शहाबादी फरशीवर लपत नाहीत, त्यामुळे या विषयाचा विचार मला रोजच करावा लागतो.

स्पिट्झ, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, राठ केस पाणी, धूळ आणि ऊन अडवतात, तर खालची मऊ, दाट लव शरीराचे तापमान राखायला मदत करते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीरातली उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे केस उतरवल्याने त्याला आपल्याइतका गारवा मिळत नाही, उलट त्याच्या फिकट त्वचेवर थेट ऊन पडून ती भाजू शकते. शिवाय भादरलेले केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच, याची खात्री नसते. लव लवकर वाढते, राठ केस मागे राहतात, आणि स्पिट्झसारख्या दाट केसांच्या जातींमध्ये काही भागांवर कित्येक महिने केसच येत नाहीत, हे पशुवैद्यकांच्या चांगले परिचयाचे आहे.

माण-खटावकडचे मेंढपाळ मेंढरांची लोकर कातरतात हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते आणि नकळत तोच न्याय कुत्र्याला लावतो. परंतु लोकर वाढतच राहते, म्हणून ती कातरावी लागते. वर सांगितलेल्या जातींचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, काही काळ तसाच राहतो आणि मग मुळापासून सुटून त्याच्या जागी नवा येतो. केस कापल्याने हे चक्र थांबत नाही. फक्त लांब केसांऐवजी आखूड, टोकदार केस गळू लागतात आणि ते सतरंजीत व गोधडीत असे रुततात की झटकूनही निघत नाहीत. या चक्राचा संबंध उष्णतेपेक्षाही दिवसाच्या लांबीशी अधिक आहे, आणि रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या उजेडात राहणारी घरातली कुत्री बऱ्याचदा वर्षभर थोडीथोडी गळत राहतात. कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर किंवा तिला पिल्ले झाल्यानंतरही काही आठवडे गळती वाढते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

शिह त्झू, ल्हासा अप्सो आणि पूडल यांचे केस मात्र बराच काळ वाढत राहतात, त्यामुळे ते वेळोवेळी कापावेच लागतात. कारवानी किंवा गावठी कुत्र्यांच्या आखूड केसांना रबरी ब्रश आणि ओलसर फडके पुरते.

दुहेरी थराच्या कुत्र्याला रोज थोडा वेळ, निदान एक दिवसाआड, विंचरणे हाच खरा उपाय आहे. जो केस आज ना उद्या फरशीवर पडणारच आहे, तो आधीच कंगव्यात यावा, एवढाच त्यामागचा हिशेब. मी हे काम गच्चीवर, सकाळी फिरून आल्यानंतर करते. बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि लांब दातांचा धातूचा कंगवा एवढी दोन साधने मला पुरतात. पात्याचे साधन भराभर केस काढते खरे, पण तेच ते एका जागी फिरवले तर चांगले राठ केसही तुटतात, म्हणून ते मी जवळजवळ वापरत नाही. पोटाकडून सुरुवात करून डाव्या हाताने वरचे केस उचलून धरायचे, कातडी दिसेल असा भांग पाडायचा आणि मुळापासून टोकाकडे हलक्या हाताने विंचरत एकेक थर खाली सोडायचा. केवळ पाठीवरून ब्रश फिरवला तर वरून केस चमकतात, पण खाली मेलेली लव तशीच साचून राहते. धातूचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत कुठेही न अडता गेला, तरच काम पूर्ण झाले असे समजावे.

गुंता होण्याच्या जागा ठरलेल्या असतात : कानांच्या मागे, पुढच्या पायांच्या बगलेत, गळपट्ट्याखाली आणि मांड्यांच्या मागच्या झुपक्यांत. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळावे, ती बोटांनी उकलावी आणि टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे सरकत विंचरावी. गाठीखाली कातडी ओढली जाऊन वर आलेली असते, त्यामुळे थेट कात्री चालवणे धोक्याचे आहे. कापावेच लागले तर आधी गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा घालावा. गुंते अंगभर पसरलेले असतील किंवा जखम, शस्त्रक्रिया असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने केस उतरवणे योग्यच ठरते.

आपल्या भागात आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे कुसळांची. पावसाळा सरला, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचे गवत पिवळे पडले, की कुत्रा फिरून येताना कुसळे, आघाड्याचे तुरे आणि गोखरूचे काटे अंगावर घेऊन येतो. आघाडा आणि गोखरू विंचरताना निघतात. कुसळाची घडण मात्र अशी असते की त्याचे टोक अणकुचीदार आणि त्यावरचे केस मागे वळलेले असतात. त्यामुळे ते पुढेच सरकत जाते, मागे येत नाही. ते बोटांच्या बेचक्यातून कातडीत शिरते, तिथे गळू होते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून त्या महिन्यांत घराच्या पायरीवरच चिमीच्या चारही पंजांची बेचकी, बगला आणि कान मी बोटांनी चाचपून पाहते. कुत्रा सारखी मान झटकत असेल, डोके एका बाजूला कलते ठेवत असेल किंवा एकच पंजा चाटत बसला असेल, तर कुसळ शिरल्याची शंका घ्यावी, आणि कानात खोल गेलेले कुसळ घरी काढण्याच्या भानगडीत न पडता दवाखाना गाठावा. याच तपासणीत गोचीडही सापडतो. त्याला चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढावे. रॉकेल चोळण्याची जुनी पद्धत पूर्ण सोडून द्यावी, कारण कुत्रा ते चाटतो आणि रॉकेल त्याच्यासाठी विषारी आहे.

एका कुत्र्यापायी एवढा वेळ कुणी द्यायचा, असे विचारणाऱ्यांना मी संगम माहुलीची आठवण करून देते. तिथे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी आहे.

अंघोळीविषयी थोडक्यात सांगते. महिन्यातून एकदा पुरेशी आहे, आणि तिच्या आधी विंचरणे आवश्यक आहे, कारण पाणी लागले की गुंता अधिक घट्ट होतो. माणसाची त्वचा आम्लधर्मी, साधारण ५.५ सामूची असते, तर कुत्र्याची त्वचा उदासीनतेच्या जवळ असते. म्हणून आपला शाम्पू किंवा साबण त्याला लावू नये. सर्वांत महत्त्वाचे काम वाळवण्याचे आहे. जून ते सप्टेंबर साताऱ्यात कपडेच वाळत नाहीत, तिथे लवेत मुरलेले पाणी कुठून वाळणार? वरून कोरडा वाटणारा कुत्रा आत ओलाच असतो आणि त्या ओलीत जंतू व बुरशी वाढून कातडी लाल, चिकट होते. टॉवेलने दाबून पाणी टिपावे आणि मग केस वाळवण्याचे यंत्र कोमट ठेवून भांग पाडत पाडत मुळापर्यंत वाळवावे.

घरात पडलेल्या केसांसाठी झाडू सर्वांत निरुपयोगी आहे, कारण तो केस उडवतो. पंखा बंद करून आधी ओलसर फडक्याने पुसावे. गादी आणि सोफ्यावर रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवला की केसांची वळकटी होऊन हातात येते. कुत्र्याची अंथरुणे धुवायला टाकण्यापूर्वी बाहेर झटकावीत, नाहीतर यंत्राची जाळी तुंबते. घरात कोणाला दमा असेल, तर त्रास देणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात असतात, केस ती फक्त वाहून नेतात, हे लक्षात ठेवावे. केसाळ कुत्र्याऐवजी आखूड केसांचा आणल्याने हा प्रश्न आपोआप मिटत नाही.

विंचरून निघालेले केस मोरीत टाकू नयेत. कंपोस्टमध्ये ते सावकाश कुजतात आणि मातीला नत्र देतात. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून झाडावर टांगणे दिसायला छान असले तरी कुत्र्याला गोचिडांचे औषध लावलेले असेल तर ते टाळावे. ब्रिटनमध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना केसांचे अस्तर असलेल्या घरट्यांत अशा औषधांचे अंश सापडले आहेत, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

नियमित विंचरण्याने एक मोठा लाभ होतो, तो म्हणजे त्या कुत्र्याची नेहमीची गळती आपल्या हाताला कळते. तिच्यापेक्षा वेगळे काही घडले, म्हणजे कातडी उघडी पडली, गोल चट्टे उठले, खाज सुटली, किंवा दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होऊन कुत्रा सुस्त आणि जाड होत चालला, तर ती ऋतूची गळती नव्हे. गोल चट्टे बुरशीचे असतील तर ते घरातल्या माणसांनाही होऊ शकतात, आणि सुस्तीसह होणारी सारखी गळती थायरॉइडच्या कमतरतेमुळे असू शकते. जवळच्या पशुवैद्यकाला दाखवावे. आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. जाण्यापूर्वी कुत्र्याला अंघोळ घालू नये आणि त्या जागेवर तेल, हळद किंवा मलम काहीही लावू नये, म्हणजे कातडी खरवडून घेतलेल्या नमुन्यात जे आहे ते डॉक्टरांना स्पष्ट दिसेल.