सिलोअम शिलालेख प्रतिकृती: मेमची शेपटी जमली, आणि बेत बदलला

जेरुसलेममधल्या प्राचीन पाण्याच्या बोगद्यात कोरलेल्या हिब्रू सिलोअम शिलालेखाची प्रत मी शहाबादी दगडात कोरतोय, आणि अखेर त्यातल्या मेम या अक्षराची शेपटी जमली! दुसऱ्या ओळीपासून गाडी तिथेच अडली होती. अक्षराचं डोकं छान उतरायचं, पण डावीकडे वळणारी लांब शेपटी घ्यायला गेलं की शहाबादीचा पापुद्रा सुटायचा. नून, काफ, सगळ्यांचं तेच. ऑनलाइन मागवलेला छिन्न्यांचा सेट बिनकामाचा, धारेला पाणीच नीट दिलेलं नाही. मग लोहाराकडून बारीक छिन्नी करून घेतली आणि दिशा उलटी केली: आधी कार्बाइडच्या सुईने शेपटीची कड कोरायची, मग टोकाकडून डोक्याकडे हलके टोले. पापुद्रा सुटलाच तर कडेपाशी थांबतो. वळण इतकं सुबक आलंय की सारखं बोट फिरवून बघतोय. बोगदा खोदणाऱ्यांच्या लेखात शाईने लिहिणाऱ्या हाताची ही लकब यावी, याचं मला फार अप्रूप.

आता पुढचा प्रश्न, वरच्या कोऱ्या भागाचा. मूळ लेखातही घासून गुळगुळीत केलेल्या जागेचा वरचा अर्धा भाग रिकामाच आहे. तिथे यहूदाचा प्राचीन राजा हिज्कीया याच्या नावाने 'हिज्कीयाचा बोगदा' असं कोरायचं ठरवलं होतं, ते रद्द. दोन बाजूंनी खोदत आलेल्या टोळ्या, तीन हात उरले असताना पलीकडून आलेली हाक, मग वाहिलेलं पाणी, एवढं सगळं सहा ओळींत आहे, पण राजाचं नाव नाही. ते बायबलमध्ये, २ राजे २०:२०. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या बोगद्याच्या कार्बन चाचण्या इ.स.पू. ७०० च्या आसपास येतात, त्यामुळे मलाही हिज्कीयाच पटतो. तरी दगडावर नाही ते मी कोरणार नाही.

कारण या दगडावरून आजही राजकारण पेटतं. १८९० च्या सुमारास चोरांनी तो फोडून काढला, तुकडे उस्मानी अधिकाऱ्यांच्या हाती लागले, म्हणून तो इस्तंबूलला. नेतान्याहूंनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की १९९८ साली त्यांनी तो तुर्कस्तानकडे मागितला होता. एर्दोगान यांनी साफ नकार दिला. बोगदा सिलवान या वस्तीखाली, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यातल्या पूर्व जेरुसलेममध्ये, आणि वर पॅलेस्टिनी कुटुंबांना घरं सोडायला लावली जातायत. मजुरांच्या आनंदाचा लेख कुणाला घराबाहेर काढायच्या कामी यावा, हे मला अजिबात मान्य नाही.

लिहितालिहिता सुचलं: जर्मन अभ्यासक गुथेने १८८१ मध्ये आम्लाने क्षार धुऊन साचा घेतला होता, म्हणजे चोरीच्या आधी. त्याच्या चित्रांवरून दुसरी प्रत चुन्यात ओतावी, चोरांनी फोडताना पडलेल्या भेगांशिवायची. चुना आकसू नये म्हणून तुम्ही वाळू किती घालता? तोवर चौथी ओळ घेतो.